मतदान ४ नोव्हेंबरला, मग २५ ऑक्टोबरपासून रांगा कसल्या?

२०२५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाची निवडणूक झाली. तिच्यातले एक उमेदवार झोहरान ममदानी हे चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव, म्हणून आपल्याकडेही या निवडणुकीकडे बरंच लक्ष होतं. मतदानाची तारीख होती मंगळवार, ४ नोव्हेंबर. पण मत देऊन बाहेर पडणाऱ्यांची छायाचित्रं २५ ऑक्टोबरपासूनच येऊ लागली. ४ तारखेला सकाळी केंद्रं उघडली, तोवर सात लाखांहून अधिक लोकांचं मत देऊन झालं होतं. २०२१ मध्ये याच पदासाठी असं आधी मत देणारे याच्या पाव भागाहूनही कमी होते.

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. आपलं मतदान म्हणजे एक दिवस, ठरलेली शाळा, ठरलेली खोली आणि यादीतला अनुक्रमांक. साहजिकच शंका येतात. आधी दिलेली मतं ठेवतात कुठे? तोच माणूस मंगळवारी पुन्हा येऊन मत देणार नाही कशावरून? मधल्या दिवसांत उमेदवाराचं काही भलतंच बाहेर आलं तर? या शंका रास्त आहेत. आणि विषय वाटतो तितका परकाही नाही. आपल्या ऊसतोड मजुरांच्या मताशी त्याचा थेट संबंध आहे, पण तिथवर जाण्याआधी मुळापासून पाहू.

## नेमकं कशाला म्हणायचं

अमेरिकेत मत देण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन. दुसरी, घरी आलेली मतपत्रिका भरून टपालाने पाठवून. तिसरी, मतदानाच्या दिवसाआधीच्या ठरावीक मुदतीत स्वतः केंद्रावर जाऊन. या तिसऱ्या वाटेला तिथे ‘अर्ली व्होटिंग’ म्हणतात. आपण तिला आगाऊ मतदान म्हणू.

बातम्यांमध्ये दुसरी आणि तिसरी वाट सर्रास एकत्र मोजली जाते. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत १० कोटींहून अधिक लोकांनी आधीच मत दिलं असं वाचायला मिळतं. त्यात टपालाचा वाटा मोठा होता, कारण कोविडची साथ होती. २०२४ मध्येही हा आकडा ८ कोटींच्या वर होता, आणि तेव्हा केंद्रावर जाऊन आगाऊ मत देणाऱ्यांचं प्रमाण पुष्कळ वाढलेलं होतं. दोन्हींतला फरक महत्त्वाचा आहे. टपालाच्या मतात सही जुळणं, पाकीट वेळेत पोहोचणं अशा अडचणी असतात. आगाऊ मतदानात मतदार अधिकाऱ्यासमोर उभा असतो आणि आडोशामागे जाऊन मत देतो. मतदानाच्या दिवशी होतं तेच सगळं इथे होतं, फक्त तारीख वेगळी असते.

## मुळात मंगळवारच का?

१८४५ मध्ये अमेरिकी संसदेनं अध्यक्षीय निवडणुकीसाठी देशभर एकच दिवस ठरवला: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. तेव्हा बहुतेक लोक शेतकरी. नोव्हेंबरात पीक घरात आलेलं असे आणि बर्फ पडायला अवकाश असे. रविवार चर्चचा. मतदानाचं ठिकाण दूर असल्यानं घोडागाडीनं जायला एक दिवस लागे आणि बुधवारी अनेक ठिकाणी बाजार भरे. म्हणून मंगळवार.

ती शेती गेली, घोडागाडी गेली, मंगळवार मात्र राहिला. आज तो कामाचा दिवस आहे आणि देशभर सुट्टी नसते. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब मतदारांना पगारी सुट्टी देतं. त्या तोडीचा राष्ट्रीय कायदा तिथे नाही. रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, दोन ठिकाणी काम करणारा हॉटेल कामगार, लहान मुलांना एकटं सोडता न येणारी आई यांना त्या एका मंगळवारी दोन तास काढणं खरंच जड जातं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेक्ससनं कारण न विचारता आगाऊ मतदान सुरू केलं आणि हळूहळू बाकीची राज्यं त्या वाटेनं गेली. फ्लोरिडानं २००० च्या निवडणुकीतला मतमोजणीचा गोंधळ अनुभवल्यावर २००४ मध्ये ते राज्यभर आणलं. न्यूयॉर्कमध्ये सुरुवात २०१९ मध्ये, न्यू जर्सीत २०२१ मध्ये. २०२४ पर्यंत ही सोय न देणारी राज्यं तीनच उरली होती: अलाबामा, मिसिसिपी आणि न्यू हॅम्पशर.

मुदत सगळीकडे सारखी नाही. व्हर्जिनियात ती ४५ दिवस आहे, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत नऊ दिवस. अमेरिकेत निवडणुका राज्यं चालवतात, आपल्यासारखा एकच आयोग नाही, हे लक्षात ठेवलं की पुढचे बरेच गोंधळ टळतात.

## आत गेल्यावर काय होतं?

न्यू जर्सीचं उदाहरण घेऊ, कारण तिथल्या एडिसन, आयसलिन परिसरात मराठी घरं भरपूर आहेत आणि तिकडचं नागरिकत्व घेतलेली आपली माणसं याच केंद्रांवर मत देतात. (फक्त ग्रीन कार्ड असलेल्याला हा हक्क नाही.)

केंद्र ग्रंथालयात, पालिकेच्या इमारतीत किंवा समाजमंदिरासारख्या सार्वजनिक जागेत असतं. सोमवार ते शनिवार सकाळी १० ते रात्री ८, रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत. मतदानाच्या दिवशी तुम्हाला तुमच्या वस्तीच्या ठरलेल्या केंद्रावरच जावं लागतं. आगाऊ मतदानात मात्र काउंटीतल्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातल्या, कोणत्याही आगाऊ केंद्रावर चालतं. कचेरी एका गावात आणि घर दुसऱ्या गावात असलेल्या माणसाला याचा केवढा उपयोग होतो! न्यूयॉर्क शहरात ही मुभा नाही, तिथे पत्त्यानुसार एकच आगाऊ केंद्र ठरवून दिलेलं असतं.

टेबलावर नाव आणि पत्ता सांगायचा. कर्मचारी टॅबवरच्या मतदारयादीत नाव शोधतो, मतदार पडद्यावर सही करतो आणि ती आधीच्या सहीशी ताडली जाते. न्यू जर्सीत बहुतेकांना ओळखपत्र दाखवावं लागत नाही. टेक्सस, जॉर्जियात छायाचित्र असलेलं ओळखपत्र लागतं. बोटाला शाई लावत नाहीत. बाहेर पडताना मत दिल्याचं छोटं स्टिकर मिळतं.

मग यंत्रापाशी. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला एकच मत, पालिकेला फार तर चार-पाच. तिथे एकाच मतपत्रिकेवर गव्हर्नर, विधानसभा, काउंटीचं मंडळ, नगर परिषद, शाळा मंडळ आणि शेवटी ‘अमुक कामासाठी कर्ज काढावं का’ असा थेट प्रश्नही असू शकतो. गावागणिक उमेदवार बदलतात, म्हणून आगाऊ केंद्रावरच्या यंत्रात काउंटीतल्या सगळ्या गावांच्या मतपत्रिका भरून ठेवाव्या लागतात आणि ज्याची त्याला उघडून द्यावी लागते. निवड झाल्यावर ती कागदावर छापून समोर येते. आपल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. इथे मतदार कागद सावकाश वाचतो आणि त्याने होकार दिल्यावरच मत पेटीत जातं. ही गोष्ट मला आपल्या पद्धतीपेक्षा उजवी वाटते.

रांग कुणालाच चुकत नाही. बराक ओबामा यांनी २५ ऑक्टोबर २०१२ रोजी शिकागोत आगाऊ मत दिलं. पदावर असताना असं स्वतः जाऊन मत देणारे ते पहिले अध्यक्ष. जो बायडन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी डेलावेअरमधल्या न्यू कॅसलमध्ये सुमारे ४० मिनिटं रांगेत उभे होते.

## दोनदा मत देता येईल का?

आता बँकेचं पाहा. पूर्वी पैसे काढायचे तर आपल्याच शाखेत जावं लागे, कारण खातेवही तिथेच असे. आता सातारच्या शाखेत पैसे काढले की त्याच क्षणी दादरच्या शाखेतल्या संगणकावर शिल्लक कमी झालेली दिसते. आगाऊ केंद्रावरच्या टॅबमधली मतदारयादी तशीच एकमेकींना जोडलेली असते. एका केंद्रावर सही झाली की बाकी सगळीकडे त्या नावापुढे ‘मत दिलं’ अशी नोंद होते, आणि मंगळवारी केंद्रावर वापरायच्या यादीतही ती असते.

त्यातूनही शंका आली, तर मतदाराला परत पाठवत नाहीत. त्याला तात्पुरती मतपत्रिका देतात. ती वेगळ्या पाकिटात बंद राहते, नोंदी तपासल्यावर तो पात्र ठरला तरच मोजली जाते. मुद्दाम दोनदा मत देणं गुन्हा आहे, त्यासाठी शिक्षा झालेले लोकही आहेत. पण अशी प्रकरणं सापडतात ती याच नोंदींमुळे.

## इतके दिवस मतं पडून राहतात, ते सुरक्षित कसं?

मराठी वाचकाला ही भीती सर्वांत जवळची वाटेल, म्हणून इथे आपलंच उदाहरण बघू. २०२४ च्या लोकसभेला नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर इथे १९ एप्रिलला मतदान झालं. मोजणी ४ जूनला. म्हणजे नागपूरकरांची मतं तब्बल ४६ दिवस स्ट्राँगरूममध्ये होती. व्हर्जिनियाची आगाऊ मुदतही ४५ दिवसांचीच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांचं मतदान २ तारखेला झालं, पण काही ठिकाणचं मतदान पुढे ढकलल्यामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशानं सगळ्यांचा निकाल २१ तारखेला लागला. मतं थांबून राहण्याची आपल्याला सवय आहे. आपण ती गावागावांनुसार थांबवतो, अमेरिकेत ती माणसामाणसानुसार थांबतात.

सील, कुलूप, कॅमेरे, पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या आणि रोज किती मतं पडली याचा जुळवलेला हिशेब, ही सुरक्षेची साधनं दोन्हीकडे सारखीच आहेत. कुणाला किती मतं पडली याची बेरीज मंगळवारी मतदान संपेपर्यंत जाहीर होत नाही.

एक गोष्ट मात्र तिथे वेगळी आहे. कुणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण मत दिलं की नाही ही सार्वजनिक नोंद असते. म्हणून ‘आतापर्यंत अमुक पक्षाचे इतके नोंदणीकृत मतदार येऊन गेले’ अशा बातम्या रोज येतात. त्यांना निकालाची झलक समजू नये. एखाद्या पक्षाकडे नोंदणी असलेला माणूस त्याच पक्षाला मत देईल असं नाही. पक्षांना मात्र या नोंदीचा उपयोग होतो: ज्याचं मत पडलं त्याला फोन करणं थांबवून उरलेल्यांकडे वळता येतं. आपल्याकडे बूथवरचे कार्यकर्ते दुपारी यादीवर खुणा करून उरलेल्या घरांना हाका मारतात, तेच काम तिथे नऊ दिवस चालतं.

## मत दिल्यावर मन बदललं तर?

या पद्धतीवरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही.

२०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार ठरवण्यासाठी ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान होतं. पीट बुटिजेज यांनी १ मार्चला आणि एमी क्लोबुशार यांनी २ मार्चला माघार घेतली. तोवर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत त्यांना आगाऊ आणि टपालाने मतं देऊन झालेली होती. ती परत घेता आली नाहीत. मोंटानात २०१७ च्या पोटनिवडणुकीत तर मतदानाच्या आदल्या संध्याकाळी रिपब्लिकन उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांनी एका पत्रकाराला जमिनीवर पाडलं. तेव्हा निम्म्याहून अधिक मतं आधीच दिली गेली होती. ते निवडून आले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

स्वीडननं यावर तोडगा काढला आहे. तिथे मतदानाच्या १८ दिवस आधीपासून ग्रंथालयांत, बाजारसंकुलांत आगाऊ मत देता येतं. ते मत पाकिटात बंद करून मतदाराच्या नेहमीच्या केंद्राकडे पाठवतात. मन बदललं तर मतदानाच्या दिवशी त्या केंद्रावर जाऊन नवं मत द्यायचं. जुनं पाकीट न उघडताच बाद होतं. अमेरिकेत आगाऊ मत थेट यंत्रात पडत असल्यानं हे बहुतेक ठिकाणी शक्य नाही.

माझं मत असं की मुदत जितकी लांब, तितका हा आक्षेप खरा. ४५ दिवस मला फार वाटतात; उमेदवारांच्या वादसभाही बऱ्याचदा तोवर झालेल्या नसतात. नऊ दिवसांत नुकसान कमी आणि सोय बरीच. शिवाय कुणाला मत द्यायचं हे ठरलं नसेल, त्याला थांबायला कुणी मनाई केलेली नाही. आणि आपल्या नागपूरकरांनी मुंबईकरांपेक्षा एक महिना आधी मत दिलं, तेव्हा त्या महिन्यातला प्रचार त्यांनाही पाहायला मिळाला नव्हता. तो निर्णय त्यांचा नव्हता, वेळापत्रकाचा होता.

## मतदानाचा टक्का वाढतो का?

अनेकांना धक्का बसेल, पण तसा ठाम पुरावा नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या चार अभ्यासकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं आढळलं की नुसत्या आगाऊ मतदानानं टक्का वाढत नाही, उलट किंचित घटतो. कारण मतदानाच्या एका दिवसाची वर्दळ, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं एकमेकांना घेऊन जाणं पातळ होतं. ज्याचं मत द्यायचं पक्कं आहे तोच आधी देऊन मोकळा होतो. मत देतानाच नाव नोंदवण्याची सोय जोडली, तर टक्का वाढतो.

मग याचं महत्त्व कशात? कोण मत देऊ शकतं यात. फ्लोरिडात कृष्णवर्णीयांची चर्चेस रविवारच्या प्रार्थनेनंतर बसगाड्या भरून लोकांना आगाऊ मतदानाला नेत. २०११ मध्ये राज्यानं मुदत १४ दिवसांवरून ८ वर आणली आणि मतदानाआधीचा शेवटचा रविवार काढून टाकला. २०१२ मध्ये मायामी परिसरात लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले, आणि २०१३ मध्ये राज्याला कायदा पुन्हा सैल करावा लागला. नॉर्थ कॅरोलायनानं २०१३ मध्ये मुदत १७ वरून १० दिवसांवर आणली. २०१६ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानं त्या कायद्यातल्या या आणि अशा तरतुदी रद्द केल्या, कृष्णवर्णीय मतदारांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेनं लक्ष्य केल्याचं नमूद करून. मतदानाचे दिवस कमी करणं हे काही माणसांना वगळण्याचं साधन होऊ शकतं, हे त्या निकालात स्वच्छ लिहिलेलं आहे.

ढिसाळपणा झाला तर विश्वास जातो, हेही खरं. दक्षिण कोरियात आगाऊ मतदान दोनच दिवस असतं, पण देशातल्या कोणत्याही आगाऊ केंद्रावर मत देता येतं. २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत एकूण मतदारांपैकी ३४.७४ टक्के लोकांनी तसं मत दिलं. त्याच देशात २०२२ मध्ये कोविडबाधितांच्या मतपत्रिका टोपल्यांत आणि पिशव्यांत गोळा केल्याचं उघड झालं आणि निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांना पुढे पद सोडावं लागलं.

## आपल्याकडे काय आहे?

आहे, पण थोड्यांसाठी. ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले मतदार यांना घरून मत देता येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत ‘नमुना १२ड’ भरून द्यावा लागतो. मग पथक घरी येतं, पुठ्ठ्याचा आडोसा करतं, चित्रीकरण होतं, उमेदवारांचे प्रतिनिधी हजर राहू शकतात. अर्ज मंजूर झाला की मतदारयादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) अशी खूण होते आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. घरात आजी-आजोबा असतील तर ही ५ दिवसांची मुदत लक्षात ठेवा. बहुतेकांना ती उलटून गेल्यावर कळते.

निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी सुविधा केंद्रावर आधी मत देतात. रेल्वे, वीज, आरोग्य अशा अधिसूचित अत्यावश्यक सेवांतल्या लोकांसाठी मतदारसंघात टपाली मतदान केंद्र तीन दिवस उघडं असतं. नाव ‘टपाली’ असलं तरी माणूस तिथे स्वतः जातो, आडोशामागे मत देतो आणि मतदानाच्या दिवसाआधी देतो. म्हणजे हे आगाऊ मतदानच झालं.

आता ऊसतोड मजूर. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळी झाली की लाखो मजूर मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या दिशेनं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत लेकरं, मुक्काम फडाशेजारच्या पालात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती आणि राज्याचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असलेल्या बाईनं मतदानासाठी गावाकडे यायचं, तर मजुरी बुडते, प्रवासाचा खर्च अंगावर पडतो आणि मुकादमाची परवानगी लागते ती वेगळीच. कागदावर तिलाही पगारी सुट्टीचा हक्क आहे. पण शेकडो किलोमीटर दूरच्या फडावर त्या एका दिवसाचा तिला काय उपयोग?

निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्र मांडलं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल अशी ती रचना होती. राजकीय पक्षांनी जानेवारी २०२३ मध्ये बऱ्याच शंका काढल्या आणि ते पुढे सरकलं नाही. त्या शंकांत तथ्य होतं: दुसऱ्या राज्यातल्या फडाजवळच्या केंद्रावर छोट्या पक्षानं आपला प्रतिनिधी बसवायचा कसा?

आगाऊ मतदानात ती अडचण येत नाही, कारण मजूर निघण्याआधी आपल्याच तालुक्यात मत देतो. कायद्यानुसार उमेदवारी मागे घेण्याची मुदत आणि मतदान यांत किमान १४ दिवसांचं अंतर असावंच लागतं. २०२४ मध्ये माघारीचा दिवस ४ नोव्हेंबर होता, भाऊबीज ३ तारखेला झाली होती. मतपत्रिका छापायला चार दिवस धरले, तरी गाळप सुरू होण्याआधी तहसीलमध्ये तीन दिवसांचं केंद्र चालवायला जागा उरते, तेच तीन दिवस जे आज वीज आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना मिळतात. काही टोळ्या त्याआधीच निघालेल्या असतील आणि त्यांची सोय यातून होणार नाही. पण उरलेल्यांची होईल. उमेदवारांचे प्रतिनिधी तीन दिवस तहसीलमध्ये बसवणं कोणत्याही पक्षाला झेपण्यासारखं आहे. नवा कायदाही नको. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६०(क) खाली आयोग सरकारशी सल्लामसलत करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानाचा हक्क अधिसूचनेनं देऊ शकतो. ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मत देता येतं ते याच कलमामुळे, आणि त्या यादीत ‘हंगामी स्थलांतरित मजूर’ हे शब्द घालण्याची मागणी साखर पट्ट्यातल्या प्रत्येक आमदारानं करायला हवी.